कोळशाच्या गावातील पांढरा

भद्रावतीच्या पार्श्वनाथ तीर्थाला रेल्वेने येणाऱ्या यात्रेकरूंना वरोरा मागे पडल्यावर आणि भांदक येण्यापूर्वी माजरी जंक्शन लागते. गाडी येथे फार वेळ थांबत नाही. तरीही खिडकीतून बाहेर पाहणाऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट येतेच. फलाटाची कड, कडुनिंबाची पाने, घरांची कौले, बाजूच्या रुळावर उभे असलेले मालगाडीचे डबे, सर्वांवर एकाच रंगाचा हात फिरलेला आहे. वणीकडून पुढे आदिलाबादला जाणारा फाटा येथूनच निघतो, आणि गावाभोवती कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. खाणीतून उपसलेल्या मातीचे ढीग एवढे उंच झाले आहेत की नवख्या माणसाला ते डोंगरच वाटतात. फाल्गुन सरता वारा सुटला, की सकाळी पुसलेल्या तराजूवर दुपारी बोट फिरवावे आणि बोट काळे व्हावे, हा आमचा नित्याचा अनुभव आहे. अशा गावात घराच्या भिंतींना आतून पांढरा रंग देण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

माजरीतील घरांनी यावर आपला एक तोडगा काढलेला आहे. भिंतीचा खालचा तीन-चार फुटांचा भाग तपकिरी किंवा गडद हिरव्या ऑइलपेंटने रंगवायचा आणि वर आकाशी, पिस्ता किंवा फिका गुलाबी डिस्टेंपर द्यायचा. आमचे खाली किराणा मालाचे दुकान आहे आणि वर राहण्याच्या चार खोल्या. त्या खोल्यांतही पंचवीस वर्षे हाच बेत होता. हिशेबी माणसाला तो पटेल असाच आहे. जे मळणारच, त्याला आधीपासून मळखाऊ रंग देऊन ठेवावा.

हा बेत मोडावा लागला तो सासूबाईंच्या डोळ्यांमुळे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी झाली होती. त्यानंतर काचबिंदू निघाला. मोतीबिंदू काढून टाकता येतो. काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही, उरलेली राखणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. या विकारात वस्तू केवळ अंधूक दिसतात असे नव्हे. एका रंगावरची त्याच्याच जवळची छटा वेगळी ओळखू येत नाही. वाटीच्या कडेला चिकटलेले शीत, फरशीवर सांडलेले पाणी, उंबऱ्याची कड अशा गोष्टी हरवतात.

सासूबाई सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाहीत. हा नियम चाळीस वर्षांचा. ताटातील प्रत्येक पदार्थ स्वतःच्या डोळ्यांनी शोधून मगच घास उचलायचा, हाही तितकाच जुना. मार्गशीर्षात आमच्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे पाचला ताट वाढलेले असावे लागते. त्या वेळी आमच्या जेवणघरात आकाशी भिंतींचा आणि तपकिरी पट्ट्याचा एक निळसर अंधार साचलेला असे. डोक्यावरचा दिवा लावला, की त्याची तिरीप स्टीलच्या ताटावरून उसळून थेट त्यांच्या डोळ्यांत जाई. एके संध्याकाळी त्यांनी ताट हळूच बाजूला सारले आणि म्हणाल्या, “जे दिसत नाही त्याचा घास कसा घेऊ?” त्या रात्री त्या उपाशी झोपल्या. आठवड्यात असे दुसऱ्यांदा झाले, तेव्हा घर रंगवण्याचा विषय निघाला.

भिंतीचा रंग आणि खोलीतला उजेड यांचे गणित मी तेव्हा प्रथमच नीट मांडून पाहिले. खिडकीतून आलेला प्रकाश थेट ताटावर क्वचितच पडतो. तो या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत, फिरत फिरत ताटापर्यंत पोहोचतो. भिंत १०० पैकी ४० भाग प्रकाश परत देत असेल, तर दोन भिंतींवर आपटून आलेल्या प्रकाशाचे १६ भाग उरतात. तीच भिंत ८० भाग परत देणारी असेल, तर ६४ उरतात. भिंत दुप्पट उजळ केली, तर दोन आपटण्यांतच उजेड चौपट होतो. चक्रवाढ व्याजात वाढलेल्या आपल्या घरांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. रंगाच्या कंपन्या प्रत्येक छटेचा हा अंक काढून ठेवतात. छटांच्या पुस्तकात तो एलआरव्ही या नावाने छापलेला आढळतो. शून्याकडे काळा, शंभराकडे पांढरा. दुकानदार हा अंक आपण होऊन सांगत नाहीत, विचारावा लागतो.

आमचा मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात असतो. त्याने तिकडच्या नव्या घरांतील राखाडी भिंतींची छायाचित्रे पाठवली होती. या हिशेबात ती आपोआप बाद झाली. तसेही माजरीत राखाडी रंगासाठी पैसे मोजणे म्हणजे नदीकाठी राहून पाणी विकत घेणे. सासूबाईंनी तर बोटांवर लेश्या मोजल्या. “कृष्ण, नील, कापोत. काळा दाराबाहेर आहे, निळा पंचवीस वर्षे भिंतीवर होता, हा कबुतराचा रंग तेवढा राहिला होता!” लेश्या आत्म्याच्या परिणामांच्या असतात, भिंतींच्या नव्हेत, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, पण नातवाची थट्टा करण्याची संधी त्या सोडीत नाहीत. मग त्याने दुसरे टोक धरले. “दादीला उजेडच हवा ना आई, मग सरळ पांढराशुभ्र द्या.”

पांढराशुभ्र देण्यास माझी हरकत नुसती धुळीची नव्हती. मोतीबिंदू काढून सासूबाई घरी आल्या, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “या चादरी निळीत कोणी बुडवल्या?” चादरी नेहमीच्याच होत्या. वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते. ते काढून स्वच्छ भिंग बसवले, की वर्षानुवर्षे न दिसलेला निळा एकदम समोर येतो. त्यात काचबिंदूच्या डोळ्याला झगमगाट सोसत नाही. वैशाखात आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४७ अंशांपर्यंत चढतो, तेव्हाचे ऊन पडदा सारून आत आले आणि शुभ्र भिंतीवर पडले, तर धडधाकट माणसालाही डोळे मिटावेसे वाटतात. उजेड हवा, पण तो बोचता कामा नये. ही अट एकदा मनात स्पष्ट झाली, तेव्हा पांढऱ्याला किंचित ऊब हवी, हे ओघानेच आले. बाजारात ज्याला ऑफव्हाइट म्हणतात, तो हा.

येथे चुन्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्या लहानपणी घरे चुन्यानेच उजळत. वणीजवळच्या राजूरच्या भट्ट्यांतला चुना या भागात सर्वत्र जाई. भाजलेली कळी पाण्यात विरे तेव्हा पिंप रटरटत असे, आणि आम्हा मुलांना त्याच्या जवळपासही फिरकू देत नसत. चुन्याचा स्वतःचा पांढरा किंचित पिवळट असतो. तो मारण्यासाठी त्यात नीळ घालत. पिवळेपणा दबला, की डोळ्याला तो अधिक शुभ्र भासतो. कोणी नीळ न घालता चिमूटभर पिवळी माती घाली, आणि त्या घराच्या ओसरीत वेगळीच माया वाटे. मला वाटते, आजच्या साऱ्या ऑफव्हाइटचे गोत्र त्या पिवळ्या मातीतच शोधावे. चुन्याचा मोठा गुण असा, की तो तीव्र क्षारधर्मी असल्याने त्याच्यावर बुरशी सहज धरत नाही. पावसाळ्यात भिंतीवर जीवोत्पत्ती होऊच नये, ही ज्या घरांची काळजी, त्यांना हा गुण लहान वाटणार नाही. मला मनातून चुनाच हवा होता. परंतु चुन्याच्या भिंतीला पाठ टेकली की कपडा पांढरा होतो, ओले फडके फिरवले की चुना निघतो आणि कोळशाची पूड त्याच्या सूक्ष्म छिद्रांत कायमची बसते. माजरीत भिंत पुसता आलीच पाहिजे. म्हणून इमल्शन.

चंद्रपूरच्या दुकानात छटांचे पुस्तक उघडले, तेव्हा ऑफव्हाइटच्या नावाखाली पांढऱ्याचे शे-दीडशे चुलत भाऊ निघाले. नावे वाचताना हसू आवरेना. ‘आयव्हरी’ म्हणजे हस्तिदंत, ‘ऑयस्टर’ म्हणजे शिंपल्यातला जीव, आणि ‘एगशेल’ म्हणजे चक्क अंड्याचे कवच! अर्थात ही नावे केवळ छटेची किंवा चकाकीची. डब्यात त्यातले काहीच नसते. पण जेवणघराला काय रंग दिला, असे कोणी विचारल्यावर ‘अंड्याचे कवच’ असे उत्तर देण्याची माझी तयारी नव्हती. आपल्याकडे का नावे कमी आहेत? मोतिया, मलई, बदामी, चंदनी, गव्हाळ. शिवाय व्यापाऱ्याच्या घरात तर पांढऱ्याची पारख हाच धंदा असतो. जुना तांदूळ आणि नवा तांदूळ, रवा आणि मैदा, गाईचे पिवळसर तूप आणि म्हशीचे पांढरे, यांतला फरक आमच्या दुकानातला नवखा पोरगाही महिन्याभरात शिकतो. वणी-वरोऱ्याकडच्या कापसाच्या व्यापाऱ्यांचे तर विचारूच नका. आता कापसाची परीक्षा यंत्रावर होते, आणि त्यात रंगाचे दोनच आकडे पाहतात: सरकी काढलेली रुई किती प्रकाश परत देते हा एक, आणि तिच्यात पिवळेपणा किती हा दुसरा. ऑफव्हाइट निवडायलाही हेच दोन आकडे पुरतात, असे माझे मत झाले आहे. मी दुकानदाराला सांगितले, “म्हशीच्या तुपात चमचाभर गाईचे तूप मिसळले, की जो रंग होईल, तो दाखवा.” त्याने पुस्तक मिटले आणि तीन छटा अचूक काढून दिल्या.

त्या छटा यंत्रावर तयार होताना मी उभी राहून पाहिल्या. पांढरा पाया एकच असतो. त्याची शुभ्रता टायटॅनियम डायऑक्साइडची, आणि ते ज्या इल्मेनाइटपासून काढतात, ते खनिज काळे असते. केरळच्या किनाऱ्यावरची आणि आपल्या रत्नागिरीकडची काळी वाळू ती हीच. या पांढऱ्या पायात यंत्राने थेंब थेंब रंग सोडला. पिवळ्या ऑक्साइडचे काही थेंब, लालाचा एखादा, आणि शेवटी काळ्याचा अगदी निसटता. काळा कशासाठी, असे मी विचारले. यंत्रावरचा मुलगा म्हणाला, “नुसता पिवळा टाकला तर लिंबासारखा दिसतो काकू. काळ्यानं तो शांत होतो.” हा काळा म्हणजे काजळीसारखा कार्बनच, आमच्या कोळशाचा भाऊबंद. आमच्या घरात जो वर्षभर न सांगता येतो, तोच येथे थेंबाच्या मापाने घातला जात होता.

यापुढची गोष्ट मी आग्रहाने सांगते, कारण बहुतेक घरांत ती टाळली जाते. पुस्तकातल्या दोन बोटांच्या चौकोनावरून रंग ठरवू नये, आणि जुन्या भिंतीवर फराटे मारूनही पाहू नये. आमच्या आकाशी भिंतीशेजारी कोणताही उबदार पांढरा हळदीसारखा दिसला असता. डोळा शेजार पाहून रंग ठरवतो. आम्ही दोन-दोन फुटांचे तीन हार्डबोर्ड आणले, प्रत्येकावर प्रायमर आणि रंगाचे दोन हात दिले, कडेला चारही बाजूंनी पांढरी पट्टी सोडली आणि एक दिवस पुरते वाळू दिले. मग ते जेवणघरात, देवघरात, जिन्यात, जेथे जेथे भिंत आहे तेथे आठ दिवस फिरवले. सकाळी सातला, भर दुपारी, आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी पाचला.

एकच रंग दिवसभरात किती रूपे घेतो, ते पाहून मी थक्क झाले. आमच्या पश्चिमेच्या खिडकीसमोर शेजारच्या घराचे कौलारू छप्पर आहे. दुपारनंतर त्यावरचा तांबूस प्रकाश आत येतो. ज्या छटेत लाल थोडा अधिक होता, ती सकाळी सायीसारखी सोज्वळ दिसे आणि पाचला चक्क गुलाबी होई. दुसरी हिरवटाकडे झुकलेली होती. दिवसा तिच्यात दोष काढता येत नसे, पण ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली ती आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखी दिसू लागली. त्यात शहाबादी फरशी खालून आपला करडेपणा मिसळीत होतीच. तिसरी गव्हाळाच्या अंगाची. तिचा अंक ८० च्या थोडा खाली. ती कोणत्याही वेळी फार सुंदर दिसली नाही आणि कोणत्याही वेळी वाईटही दिसली नाही. माझा कल तरीही पहिल्या सायीच्या छटेकडेच होता, हे येथे नमूद करते.

आमचे रंगारी वणीकडचे, साठीच्या घरातले. त्यांनी तिन्ही पाट्या पाहिल्या, काही बोलले नाहीत, खिडकीच्या चौकटीवर साचलेली काळी पूड चिमटीत घेतली आणि प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यावर अंगठ्याने फासली. “भाभीजी, आज कसा दिसते ते काय पाहता? होळीनंतर कसा दिसन ते पाहा.” सायीच्या छटेवर तो अंगठा जखमेसारखा उठून दिसला. हिरवट छटेवर निळसर डाग पडला. गव्हाळावर तो नुसताच थोडा मुरल्यासारखा वाटला. ओल्या फडक्याने पुसल्यावर त्याची खूणही राहिली नाही.

निवाडा सासूबाईंचाच व्हायचा होता. पाचच्या सुमारास आम्ही त्यांच्या आसनासमोर आणि दोन्ही बाजूंना पाट्या आळीपाळीने उभ्या केल्या. त्यांनी छटेचे नावही विचारले नाही. ताटात भात आणि वरण होते. त्या भाताकडे पाहत राहिल्या. सायीच्या पाटीपाशी म्हणाल्या, “उजेड आहे, पण हलतो.” गव्हाळापाशी काही म्हणाल्या नाहीत, जेवू लागल्या.

काम चातुर्मास संपल्यावरच घ्यायचे, हे ठरलेलेच होते. कार्तिकी पौर्णिमेनंतरची कोरडी, सौम्य हवा रंग वाळायलाही चांगली, आणि भिंतीच्या फटींत तेव्हा जीवजंतूही कमी. दोन गोष्टींकडे आमच्या घरांनी लक्ष द्यावे असे मला वाटते. पूर्वीच्या कोरड्या डिस्टेंपरला बांधणी यावी म्हणून सरस घालीत, आणि सरस प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून करतात. इमल्शनमध्ये ते काम अॅक्रिलिक करते, तेव्हा तो प्रश्न मिटतो. पण ब्रशचा मिटत नाही. चांगल्या म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ ब्रशांचे केस डुकराचे असतात. नायलॉनचे ब्रश आणि कृत्रिम धाग्याचे रोलर दुकानात मागितल्यास मिळतात. रंगारी थोडी कुरकुर करतात, मग त्यांचा हात बसतो. दुसरी गोष्ट जुन्या ऑइलपेंटची. भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या पट्ट्यात शिसे असू शकते. म्हणून तो कोरडा घासू नये, ओला करून खरवडावा आणि लहान मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावे. आमच्याकडे दोन दिवस सगळे शेजारी राहायला होते.

जेवणघर आणि सासूबाईंची खोली गव्हाळ झाली. छत पांढरे ठेवले. जिन्यातला तपकिरी पट्टा मात्र तसाच आहे. पोती वर-खाली होतात तेथे हौस चालत नाही. भिंती उजळ झाल्यावर दारांच्या चौकटी आम्ही मुद्दाम गडद केल्या, म्हणजे दार कोठे आहे ते सासूबाईंना दुरूनच कळावे. ताटाखाली गडद मरून कापड घालतो, त्यामुळे ताटाची कड उमटून दिसते. पांढरी ट्यूब काढून ३००० केल्विनचे दोन दिवे भिंतीकडे तोंड करून लावले. ते सूर्यास्तानंतर आमच्या उपयोगाचे. सासूबाईंचे ताट त्याआधीच आवरलेले असते.

उरलेला लिटरभर रंग जिन्याखाली ठेवला आहे. झाकणावर थेंबांचे माप खडूने लिहिले होते, ते पुसले जाईल म्हणून मी दुकानाच्या वहीत उतरवून घेतले: पिवळा, लाल, काळा, असे खाते पाडून. परवा चैत्रात पहिला जोराचा वारा आला. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून पूड आत शिरली आणि भिंतीवर वीतभर लांब, करडी रेघ उतरली. मी खाली तांदूळ निवडत होते. वरून सासूबाईंची हाक आली, “अगं, फडके घेऊन ये. खिडकीपाशी काहीतरी काळे आले आहे.”